सुनेच्या वाटणीचं हाड

"हाण की जरा जोरात! लोकर हाय ती, नवऱ्याची पाठ न्हाई," जांगिल ओरडली, तशा अंगणातल्या बाया फिदीफिदी हसल्या.

सालकिन हसली नाही. तिच्या दोन्ही हातांत विलोच्या काठ्या होत्या आणि खांद्यापासून मनगटापर्यंत हात भरून आले होते. बोरूच्या चटईवर नमद्यासाठी, लोकर दाबून करतात त्या जाड अंथरणीसाठी, मागच्या हिवाळ्याआधी कातरलेली लोकर पसरली होती. काठी पडली की तिच्यातून धूळ उठायची, वाळकं शेण उडायचं, नि सगळ्यावर तो तेलकट वास. डोंगरावरचं बर्फ वितळायला लागलं होतं. अंगणात घोट्याएवढा चिखल, आणि वारा मात्र अजून दात काढून चावणारा. भिंतीकडेला तिची तीन वर्षांची मीरिम खोकली. सालकिननं काठ्या टाकल्या, पोरीला उचलून वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेऊन बसवलं, टोपी कानावर ओढली आणि परत आली.

"दर खोकल्याला उठलीस तर ह्यो नमदा पोरीच्या लगनातच पुरा हुईल," जांगिल म्हणाली. "ते जाऊ दे. शनवारी शेरिने बुरुलचाकडं हाय. येतीस, का ह्या खेपंला बी तुझं पुस्तकच येतंय?"

झालं. हाच प्रश्न सालकिन कालपासून टाळत होती.

शेरिने म्हणजे गावातल्या बरोबरीच्या सुनांची बैठक. महिन्याकाठी एकीच्या घरी जमायचं, मटण शिजवायचं, पोटभर खायचं, सासवांना पोटभर शिव्या द्यायच्या, आणि उठताना प्रत्येकीनं ठरलेले सोम यजमानिणीच्या ओंजळीत टाकायचे. आज तिच्या, पुढल्या महिन्यात दुसरीच्या. त्या एकगठ्ठा पैशात कुणी शिलाईयंत्र घेतलं, कुणी गाय. बुरुलचानंतरचा नंबर सालकिनचा होता. त्या पैशावर तिनं नारीन शहराच्या बाजारातलं लोकर पिंजायचं जुनं यंत्र ठरवून ठेवलं होतं. उन्हाळी कातरणीपर्यंत थांबतो, त्यापुढं नाही, असं विकणारा म्हणाला होता. यंत्र आलं की आसपासच्या गावांची लोकर तिच्या अंगणात येणार होती.

पण शेरिनेचा एक नेम होता. लागोपाठ तीन बैठकांना जी येणार नाही, तिचा नंबर पार शेवटी. सालकिनच्या दोन झाल्या होत्या. एकदा कॉलेजचे वर्ग होते, एकदा मीरिम तापानं फणफणली होती.

"शनिवारी माझी परीक्षा आहे," ती म्हणाली. "शेवटची. तोंडी."

काठ्या थांबल्या.

"बुरुलचा, तू दुसरा दिस धर की," कुणीतरी म्हणालं.

"कसा धरू बया?" बुरुलचा रडकुंडीला आली. ती सालकिनची शेजारीण, जिवाला जीव देणारी, पण आपल्या घरातही तिचं काही चालत नव्हतं. "आमचे हे शनवारीच डोंगरावनं खाली येत्यात. जनावर कापनार कोन मंग? मी?"

"नेम म्हंजे नेम," जांगिल म्हणाली. शेरिनेचा हिशेब तिच्याकडं असायचा. "मला काय गोड वाटतंय व्हय सांगाया? मागं एकीला सूट दिली, तिनं गठ्ठा उचलला आन् पुन्यांदा तोंड दावलं न्हाई. बाकीच्या माझ्या नावानं बोटं मोडत बसल्या. पुस्तक वाच, शिक, आमी न्हाई म्हनत न्हाई. पन बाई, मानसात बसायचं आसंल तर मानसात बसाया लागतं."

सालकिननं काठी उचलली आणि लोकरीवर अशी हाणली की तिची साल निघाली.

दुसऱ्या दिवशी कर्ज देणाऱ्या कचेरीचा माणूस गाडी घेऊन आला. सालकिननंच निरोप धाडला होता. शेरिनेचा नंबर जाणार असेल तर दुसरी वाट बघायला नको का? माणूस तरुण, बोलायला लोण्यासारखा. आत येताना त्यानं बुटांचा चिखल दारातल्या नमद्याला पुसला. तो नमदा सासूबाईंच्या हातचा होता. सालकिननं ते पाहिलं, आणि सासूबाईंनी पाहिलं हेही पाहिलं.

"ताई, यंत्र म्हणजे उत्तम विचार," तो चहा फुंकत म्हणाला. "आठवड्यात पैसे हातात. हमीला घोडी लिहून द्या. ती बाहेरची तुमचीच ना?"

"ती गाभन हाय," चहाच्या सामोवारच्या मागून सासूबाई म्हणाल्या. उमसुनाय त्यांचं नाव. सून म्हणून सालकिन ते कधी घेत नसे, एने, म्हणजे आई, म्हणे. "तिच्याकडं बोट करून बोलू नगं."

त्यानं बोट मिटलं. "नाहीतर दुसरी सोय आहे. पाच बायकांनी एकमेकींना हमी राहायचं. एकीनं थकवलं तर बाकीच्या भरणार. तुमच्या मैत्रिणी असतीलच की."

सालकिनला हसू आलं, पण ते कडू होतं. ज्या बायका तिसरी बैठक चुकली म्हणून नंबर काढून घेतात, त्यांच्याच दारात हमी मागायला जायचं!

"पहिला हप्ता कधी?"

"पुढच्याच महिन्यापासून."

"पुढच्या महिन्यात कातरणीच नसते. लोकर नाही तर यंत्र काय पिंजणार? वारा?"

"ते सगळेच म्हणतात ताई, आणि सगळेच भरतात," तो गोड हसला.

कसे भरतात हे तिला ठाऊक होतं. वरच्या आळीतल्या एका घराचं खुंट्याचं जनावर गेल्या वर्षी असंच गेलं होतं. शेरिनेला व्याज नव्हतं. पण व्याज पैशात द्यायचं नसलं की ते दिवसांत द्यावं लागतं, आणि दिवसच तर तिच्याकडं नव्हते. "कळवते," ती म्हणाली. गाडी गेल्यावर एनेनं तो नमदा उचलला, अंगणात नेला आणि झटकत राहिल्या.

दिवस कलताना गायीच्या धारा काढता काढता सालकिन उत्तरं घोकत होती. पशुपालनाचा अभ्यास तिचा. "बेंबेंवाल्यांच्या लोकरीचे प्रकार तीन. डोंगरी बेंबेंवाल्यांची लोकर जाड..."

वारलेल्या सासऱ्यांचं नाव कोयचुबेक, आणि त्यांच्या भाषेत कोय म्हणजे मेंढी. सुनेनं सासरच्या थोरांचं नाव घ्यायचं नाही, नावात आलेला शब्दही जिभेवर आणायचा नाही. म्हणून या घरात आल्यापासून तिच्या तोंडी मेंढी नव्हती. बेंबेंवाली होती. एने तर त्यांची बायकोच. त्यांच्या तोंडी तो शब्द तिच्याहून किती आधीपासून नव्हता.

"तितं मास्तर हसत्यात का ग?" एनेनं विचारलं.

"हसतात."

 एनेनं अंगणातल्या चुलीत गोवरी सारली. मग म्हणाल्या, "शनवारचं काय ठरवलंस?"

"शेरिनेला जाते." किती सहज म्हणायचं ठरवलं होतं, पण आवाज फाटला. "परीक्षा पुढच्या वर्षी. यंत्र पुढच्या वर्षी मिळायचं नाही."

"पुढच्या वर्सी तुला दुसरं मूल आसंल, न्हाईतर मी हातरुनात आसंन. पुढचं वरीस कुनी बघितलंय?" एने गुडघ्यावर हात रेटून उठल्या. "घोडी लिवून द्यायची न्हाई आन् परीक्षा बी बुडवायची न्हाई. तू जा नारीनला. आपल्या घरचं मानूस बसंल शेरिनेत."

"कोण?"

"घरात बाया किती? तू, मी, आन् ती खोकतीया ती."

 एने शेरिनेत! थोर बाई घरात शिरली की सुना उभ्या राहणार, तिला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवणार, मानाचं हाड तिच्या पुढ्यात ठेवणार आणि मुकाट खाली बघून जेवणार. गाणं नाही, थट्टा नाही. सासवांना शिव्या तर दूरच. आणि जांगिल काय म्हणेल तेही तिला आत्ताच ऐकू येत होतं. पाव्हणी म्हातारी आली, तिचा मान केला, सून कुठाय? सून गैरहजरच.

"एने, त्या ते हजेरीत मोजायच्या नाहीत."

"बगू."

शनिवारी पहाटे ती निघाली. जीपमध्ये बटाट्याच्या पोत्याला टेकून बसली, आणि सारा रस्ता उत्तरांऐवजी पोरीचा खोकलाच तिच्या कानात वाजत राहिला. तोंडी परीक्षेच्या खोलीत पिकल्या केसांचे मास्तर होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "डोंगराळ भागाला योग्य जाती सांगा. कशाच्या, ते आधी."

सालकिननं तोंड उघडलं. बें, इथपर्यंत आलं. तिनं ते गिळलं. मग म्हणाली, "मेंढीच्या."

काही झालं नाही. छप्पर जागेवर होतं. मास्तर म्हणाले, "हं, पुढं." आणि ती पुढं सांगत गेली, न थांबता, जणू लोकर पिंजून मोकळी होत जावी. शेवटी ते म्हणाले, "पास आहात. दार ओढून घ्या." इतकी वर्षं घासून एवढंच. बाहेर पायरीवर ती बराच वेळ नुसती बसून राहिली. आनंद व्हायला हवा होता, पण आधी झोप आली.

परतीची गाडी चुकली. रविवारी सकाळी ती गावात उतरली, तर बुरुलचा उकिरड्यावर राख टाकत होती. तिनं घमेलं तिथंच सोडलं.

"आगं बये, तुज्या एनेनं काय केलं, कळलं का?"

सालकिनचे पाय चिखलात रुतले. "काय? भांडल्या?"

"भांडल्या आसत्या तर परवडलं आसतं! आल्या. आमी सगळ्या टाकदिशी उब्या. म्या म्हनलं, एने, वर बसा. तर म्हंत्यात, सालकिन कुटं बसती? म्या म्हनलं, ती सगळ्यांत ल्हान, दाराजवळ, चहाशेजारी. तर बसल्या की दाराजवळ! थंडी घुसतीया, मांडीवर तुजी पोर, आन् तुज्या एने आमाला चहा वततायत. आमाला!  कुनाच्या घशाखाली घोट उतरंना."

"मग?"

"मंग मटन आलं. जांगिल वाटायला बसली. तिनं शेपटाकडचं मानाचं हाड काडलं, दोनी हातांनी पुढं केलं. तुज्या एनेनं हात मागं घेतला. म्हनल्या, ह्ये म्हातारीचं हाय. म्हातारी आज घरी हाय. हितं आमची सून बसलीया. सुनेच्या वाटनीचं छातीचं हाड दे." बुरुलचानं डोळे पुसले, हसली, पुन्हा पुसले. "खोली अशी गप, की पातेल्यातला रस्सा ऐकू येत हुता.   मंग जांगिलनं छातीचं हाड काडलं आन् त्येंच्या ताटात ठिवलं. म्हनली, सालकिन हजर."

 सालकिननं बुरुलचाचा राखेनं भरलेला हात दाबला.

"हजर तर हजर," बुरुलचा म्हणाली, "पन परत धाडू नगंस बाई. आमाला न्हाई सोसायचं."

घरात एने भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. दोन्ही गुडघे लोकरीच्या फडक्यांनी बांधलेले. मीरिम त्यांच्या पाठीला चिकटून झोपली होती. श्वास मोकळा होता. सालकिननं आधी तो ऐकला, मग जोडे काढले.

"झाली?" एनेनं न वळता विचारलं.

"झाली. पास."

"फडताळात गाठोडं हाय."

गाठोड्यात छातीचं हाड होतं. मांस तसंच, चरबी गोठून पांढरी झालेली.

"तुम्ही खाल्लं नाही?"

"माजं हुतं व्हय? तुजं हाय." मग म्हणाल्या, "पुढल्या महिन्यात आपल्याकडं शेरिने. मला त्या दिशी भनीकडं धाड. बिचाऱ्या काल सासवांवर एक शबुद बोलल्या न्हाईत. घुसमटल्या. पोटात ऱ्हायलं की ते नासतं."

सालकिन चुलीशी बसून ते गार मांस खाऊ लागली. भूक आहे हे तिला पहिल्या घासाला कळलं.

"मास्तरासमूर त्यो शबुद आला का?" एनेनं विचारलं.

 "आला."

"घेतलास?"

"घेतला."

एने वळल्या. रागावल्या नव्हत्या. छताकडं बघत होत्या. "कसा वाटला?"

"काही नाही. छोटासाच आहे."

एनेचे ओठ त्या शब्दासाठी हलले. दोनदा हलले. आवाज आला नाही. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

"खाऊन घे," त्या म्हणाल्या. "भाईर लोकर तशीच पडलीया."

सालकिननं हाड चोखून स्वच्छ केलं, हात पुसले. अंगणात वारा पडला होता. तिनं काठ्या उचलल्या. पुढच्या महिन्यापर्यंत तरी हातानंच पिंजायची होती.