विरुद्ध बाजूचे वकील

बाबा उठून उभे राहिले, तेव्हा तिने आधी त्यांच्या कोपरापाशी असलेला पाण्याचा पेला आत सरकवला. मुलगी झाल्यापासून तिचे हात आपोआप असेच चालत. कडेला ठेवलेली कुठलीही वस्तू तिला पडतानाच दिसायची. पेला सरकवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की बाबांनी आज उठायचं ठरलेलंच नव्हतं.

सुनावणीची खोली लांबट होती, छत ठेंगणं. समोर उंचावर प्राधिकरणाच्या अध्यक्षबाई आणि त्यांचे दोन अधिकारी. उजवीकडे परदेशी माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांचे वकील. डावीकडे ही बापलेक, आणि त्यांच्या मागच्या खुर्चीत त्यांचे अशील, काचेच्या कुप्यांच्या कारखान्याचे मालक. इंजेक्शनचं औषध भरतात त्या कुप्या. परदेशी कंपन्या आपल्या घरच्या भावापेक्षाही कमी भावात त्या इथे आणून ओततात, त्यापायी इथला कारखाना मरायला टेकलाय, तेव्हा त्या मालावर जादा शुल्क बसवा, एवढीच त्यांची मागणी. ती मांडून तिने नुकतीच संपवली होती. आवाज एकदाही कापला नव्हता.

"अध्यक्षमहोदया," बाबा म्हणाले, "आत्ता ऐकलंत ते कानाला फार गोड लागलं. आता त्यात दूध किती आणि पाणी किती, ते बघू या."

मागे मालकांची खुर्ची करकरली.

हे वाक्य तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. फक्त ते या खोलीतलं नव्हतं. घरच्या जेवणाच्या टेबलावरचं होतं.

बाबांच्या कचेरीची ती पद्धतच होती. सुनावणी कुठलीही असो, आधी घरी सराव. टेबलाच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला बाबा, आणि बाबा कायम समोरच्या पक्षाचे वकील. "आपली बाजू म्हणजे आपलं पोर," ते म्हणत. "त्याचा शेंबूड आपल्याला दिसत नाही. शेजाऱ्याला दिसतो." मग ते शेजारी होत, आणि असे भांडत की खऱ्या शेजाऱ्याने तोंडात बोट घालावं. शेवटी चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "एकच शेवटचं, विदुषी." त्या एका प्रश्नात तिने रचलेलं सगळं खाली येई. हरेल त्याने चहा करायचा असा नियम होता. वकिलीला लागल्यापासून चहा तीच करत आली होती. आई स्वयंपाकघरातून ओरडे, "घरात दोन दोन वकील, आणि दूध उतू गेलेलं एकालाही कळत नाही!"

गेलं वर्षभर मात्र बाबांचं काहीबाही सांडत चाललं होतं. नकाशावरून कधीच पुसल्या गेलेल्या देशाचं नाव ते पत्रात घालत. नातीला तिच्या आईच्या नावाने हाक मारत आणि नात ओ देई. आवरून तयार होऊन दारात उभे राहत आणि कुठे निघालो ते विचारत. पण टेबलापाशी उभे राहिले, की जुना माणूस परत येई, शब्द न् शब्द जागेवर. त्यामुळे ती आता सराव करायची तो सुनावणीसाठी कमी आणि त्या तासाभरासाठी जास्त.

सकाळी आई म्हणाली होती, "नुसतं शेजारी बसव त्यांना. बोलायचं तू. तेवढाच मान राहील."

तिने मान डोलावली होती. पण मानाबिनाचं काही नव्हतं. बाबा शेजारी नसले तर आपल्याच्याने उभं राहवणार नाही, ही खरी गोष्ट होती. आजारी माणसाला ती स्वतःच्या आधारासाठी घेऊन आली होती.

"भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती, हे यांच्याच अर्जात आहे," बाबा सांगत होते. आवाज भरदार लागला होता, हात पाठीमागे बांधलेले. "भट्टी बंद, तर कुप्या आभाळातून पडणार? गिऱ्हाईक काय यांच्या उंबऱ्यावर बसून राहणार? आपला पाय आपण मोडून घ्यायचा आणि शेजाऱ्याच्या नावाने लंगडायचं, याला मी नुकसान म्हणत नाही. याला नाटक म्हणतात."

अधिकारी भराभर लिहून घेऊ लागले. मालक पुढे वाकून तिच्या कानाशी कुजबुजले, "अहो, सर कोणाच्या बाजूने बोलतायत?"

"थांबा जरा."

"थांबा काय? घर जळतंय माझं!"

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, तुम्ही अर्जदारांतर्फे आला आहात ना?"

बाबा वळले. अध्यक्षबाईंकडे बघितलं, मग खोलीकडे, मग मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. हे टेबल आपलं नाही, एवढं त्यांना कुठूनतरी जाणवलं असावं. पाठीमागचे हात सुटले आणि कोटाच्या कडा चाचपू लागले. मेळ्यात हात सुटलेलं पोर असंच आपले कपडे धरून उभं राहतं.

ती उठली.

"महोदया, ही आमच्या कचेरीची जुनी पद्धत आहे. समोरच्यांचा मुद्दा आम्ही आधी स्वतःच मांडतो, जितका धारदार मांडता येईल तितका. आणि मग त्याला उत्तर देतो. परवानगी असेल तर मी उत्तर देते."

ती बोलली त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्षबाईंनीही ओठ मुडपले. "नाटक चांगलं बसवलंय. चालू द्या."

ती बाबांकडे तोंड करून उभी राहिली, घरी राहायची तशीच. त्यांचे हात पुन्हा पाठीमागे गेले.

"भट्टी बंद होती, कबूल," ती म्हणाली. "पण भाव त्याच्या आधीपासून घसरत होते. आणि भट्टी परत पेटली तेव्हा जुनी गिऱ्हाइकं दारात आली होती, सर. माल पाहिला, भाव ऐकला आणि आल्या पावली गेली. माल नाही म्हणून गेलेलं गिऱ्हाईक माल आला की परत येतं. ही आली नाहीत."

"म्हणजे तुमचा माल महाग."

"आमचा माल त्याच्या खर्चाला धरून आहे. त्यांचा त्यांच्या घरी आहे त्याहून इथे स्वस्त आहे. महाग आणि स्वस्त यांची तुलना करायची, तर दोन्ही तराजू खरे हवेत."

"तराजू!" बाबांचे डोळे लकाकले. "शब्दांनी पोट भरत नाही, विदुषी. आकडे काढा."

तिने आकडे काढले. त्यांनी ते खोडले. तिने दुसरे दाखवले. बाबा एक पाऊल मागे सरले, ती एक पाऊल पुढे गेली, आणि थोडा वेळ ती खरंच विसरली की आपण कुठे आहोत. वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं. बाबा पुरतेच्या पुरते तिथे होते.

मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"एकच शेवटचं, विदुषी."

तो प्रश्न तिला माहीत होता. कालच त्यांनी घरी विचारला होता आणि ती अडखळली होती. भट्टी बंद असताना, जुनी गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून, मालकांनी स्वतःच थोड्या परदेशी कुप्या आणून विकल्या होत्या. प्राधिकरणाला ते नियमाप्रमाणे कळवलेलं होतं, पण गोपनीय प्रतीत, बंद पाकिटात. विरुद्ध बाजूला जी खुली प्रत मिळते, तिच्यात त्या ओळींवर काळा पट्टा होता. भरल्या खोलीत तो पट्टा उचलायचा नसतो. उचलला, तर ज्या मालाच्या नावाने बोंब मारता तोच माल तुम्ही विकलात, असं म्हणायला समोरचे मोकळे. आणि अशिलाचं गुपित अशिलाच्याच वकिलाने फोडलं, हे एकदा झालं, की त्या कचेरीची पायरी पुन्हा कोणी चढत नाही. बाबांचा सगळा जन्म त्या पायरीवर उभा होता.

"भट्टी बंद होती," बाबा म्हणाले, "तेव्हा तुमच्या कारखान्याने..."

ते थांबले. उजवा हात हवेत राहिला. बोटं शब्द शोधत किंचित हलत होती.

घरी ते असे थांबले, की ती पहिलं अक्षर पुरवायची. मुलीला बडबडगीत म्हणताना पुरवावं तसं. रोज उठून ती एकच मागणं मागत असे: त्यांना आठवू दे. आत्ता त्यांच्या डोळ्यांत बघत ती मनात म्हणाली, विसरा. बाबा, विसरा. दात इतके आवळले होते, की कानाखाली दुखायला लागलं.

समोरच्या बाजूचे वकील लिहायचे थांबले होते. ते कधीकाळी बाबांचेच शिष्य. कलमं घोकत फिरायचे म्हणून बाबांनी त्यांचं नाव पोपट ठेवलं होतं. त्या जेवणाच्या टेबलापाशी तेही उभे राहिले होते, चहा त्यांनीही केला होता. शेवटचा प्रश्न बरोबर दुखऱ्या जागी बसतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. 'कारखान्याने काय, सर?' एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. पोपटांनी पेनाला टोपण लावलं आणि ते छताकडे बघत बसले.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. खूप वेळ.

"काही नाही," ते म्हणाले. "मला प्रश्न नाही."

आणि खाली बसले.

इतक्या वर्षांत हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. ते ऐकायला मिळावं म्हणून तिने काय काय केलं असतं!

पोपट उठले. "महोदया, आमची बाजू आम्हालाही इतकी चांगली मांडता आली नसती. उरलेलं आम्ही लेखी देऊ." खोलीत पुन्हा हशा झाला. अध्यक्षबाईंनी कामकाज संपल्याचं सांगितलं.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मालकांनी कपाळावरचा घाम पुसला. "मानलं बुवा तुम्हा दोघांना! पण आधी सांगायचं तरी. माझा जीव टांगणीला लागला होता."

"हो," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं."

मालक गेले. पोपट जवळ येऊन बाबांसमोर वाकले. "सर, ओळखलंत?"

"पोपट! अजून घोकतोस का रे?"

"तुमचाच पिंजरा, सर. सुटतो कुठला."

बाबा खदखदून हसले. हसणं ओसरेपर्यंत पोपट थांबले, आणि मग हळूच तिला विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष होत आलं."

"मला एक फोन करायचास. तारीख पुढे घ्यायला मी नाही म्हटलं असतं का?"

त्यांनी तिच्या हातातली जड बॅग काढून घेतली, खाली टॅक्सीपर्यंत आणून दिली आणि मागे वळून न बघता निघून गेले.

टॅक्सीत तिने बाबांच्या सीटचा पट्टा लावला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. बाबा खिडकीबाहेर बघत होते. दुकानांच्या पाट्या, पुलाचा कठडा, शाळेतून सुटलेली पोरं.

"प्रश्न होता माझ्याकडे," ते म्हणाले.

तिने वळून त्यांच्याकडे बघितलं.

"अगदी जिभेवर होता. पण तू अशी बघत होतीस, की म्हटलं, पोरीला नकोय. मग राहू दे."

"बाबा..."

"एरवी सोडला नसता हं. सरावात दया दाखवली की सुनावणीत मार बसतो." त्यांनी तिच्या मांडीवर थोपटलं. "रात्रीतून उत्तर शोधून ठेव. उद्या पोपट सोडायचा नाही."

टॅक्सी सिग्नलला थांबली. ड्रायव्हरने आरशातून एकदा मागे बघितलं.

"आणि एवढी घाबरतेस कशाला?" बाबा म्हणाले. "आज समोर होतो म्हणून. उद्या तुझ्या शेजारीच असणार आहे ना मी?"

त्यांच्या बाजूच्या खिडकीतून वारा येत होता. तिने पलीकडे वाकून काच वर केली. सरळ व्हायला तिला जरा वेळ लागला.

"हो," ती म्हणाली. "उद्या लवकर निघू या."