बेंबीवरचा पेला

पार्वती पहाटे दवाखान्यात वारली. त्याच सकाळी दुर्गदबैलच्या गल्लीत ती बरी झाल्याची गोष्ट रंगली होती.

"बेंबी उजवीकडं पळत होती, अक्का!" सरकलेली बेंबी बसवून देणारा गुरुपादअप्पा दारातल्या रांगेतल्या बायकांना सांगत होता. "बेंबीवर दिवा लावला, पेला उपडा घातला. पेला घट्ट चिकटला की नाही? ओढून जागेवर आणली. नागोजीची बायको कण्हत आली, हसत गेली!"

मागं नागोजीच उभा होता. घरचा पितळी पेला न्यायला आला होता. पेला ज्याचा त्यानं आणायचा आणि बेंबी पुन्हा सरकू नये म्हणून अप्पाकडंच ठेवायचा, अशी इथली रीत.

"पार्वती गेली, अप्पा."

रांगेतल्या बायका नागोजीकडं वळल्या. अप्पा डगमगला नाही. "दुखणं मी घालवलं. मरण शिवाच्या हाती."

नागोजीला तेच खुपत होतं. दुखणं थांबलेलं त्यानंही पाहिलं होतं. म्हणून ते कसं, हे त्यानं दवाखान्यातल्या डॉक्टर दीपश्रींना विचारून घेतलं होतं.

त्यानं हातगाडीवरचं कलिंगड घेतलं, ओलं केलं, वर अप्पाचाच दिवा ठेवून पेला उपडा दाबला. दिवा विझला. पेला हलेना.

"याचीही बेंबी सरकली का?"

कुणीतरी फिसकन हसलं.

नागोजी डॉक्टरांनी सांगितलेलं बोलू लागला. "आतली तापलेली हवा निवते, आवळते, म्हणून पेला चिकटतो. आणि दुखणं? पार्वतीचं अपेंडिक्स, म्हणजे आतड्याची शेपटी, सुजलं होतं. आतड्याच्या नसांना नेमकी जागा सांगता येत नाही. अपेंडिक्सच्या नसा पाठीच्या कण्यात जिथं पोचतात, तिथंच बेंबीच्याही पोचतात. म्हणून आधी बेंबीच दुखते. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली, की तिथल्या नसा बरोबर उजवीकडची जागा दाखवतात. बेंबी कुठं पळत नाही. मग अपेंडिक्स फुटतं, ताण जातो, थोडा वेळ बरं वाटतं. तेवढ्यात विष पोटभर पसरतं. पार्वती हसली, ते तेव्हा."

रांगेतली अनसूया लेकीकडं वळली. "भाग्यलक्ष्मी, तुझं आधी कुठं दुखत होतं गं?"

"बेंबीपाशी. आता इथं." पोरीनं उजवी बाजू धरली होती.

"रिक्षा बघ अक्का," नागोजी म्हणाला. "पेला राहू दे. आधी डॉक्टरला पोट दाखव."

भाग्यलक्ष्मीचं ऑपरेशन वेळेत झालं. पार्वतीचा पेला घरी आला. अप्पानं मात्र पलीकडच्या गल्लीत बस्तान हलवलंय. तिथली रांग मोडायची राहिली आहे.