पाय की पेडल

पुलाकडच्या उतारावर धर्मराजनं ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली जाऊन बसलं. गाडी काही थांबेना. समोर एक बाई दोन म्हशी घेऊन रस्ता ओलांडत होती. त्यानं पाय उचलून पुन्हा दाबला, गिअर खाली आणला, हँडब्रेक खेचला. गाडीचा मागचा भाग जरासा सरकला आणि म्हशींपासून हाताच्या अंतरावर ती कशीबशी उभी राहिली. बाईनं वळून एक सणसणीत शिवी हासडली आणि म्हशी हाकत पुढं गेली.

मागच्या सीटवर कांताबाई होत्या. जालन्याला डायलिसिस करून परतत होत्या. पट्टी बांधलेला हात त्यांनी छातीशी घट्ट धरला होता.

"काय झालं रे बाबा?"

"काय न्हाई मावशी. म्हशी आडव्या आल्त्या."

धर्मराजनं उरलेला रस्ता बैलगाडीच्या चालीनं काटला, कांताबाईंना त्यांच्या घरात नेऊन बसवलं आणि बाहेर येऊन गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. तो आपल्या उजव्या पायाकडं बघत होता.

जाफराबादकडच्या त्या गावात धर्मराजची गाडी म्हणजे सगळ्यांची गाडी. जुनी होती, रंग उडाला होता, पण बाळंतीण असो, लग्नाचं वऱ्हाड असो, डोळे तपासायला निघालेली म्हातारी असो, लोक म्हणायचे, धर्मराजला सांगा. तो कधी घाई करायचा नाही. ब्रेक असा लावायचा की मांडीवरचं पोर जागं व्हायचं नाही. एवढी एकच गोष्ट आयुष्यात आपल्याला नीट जमली, असं त्याला मनातून वाटायचं. तोंडानं मात्र तो ते कधी बोलला नव्हता.

नुकतेच पुढचे ब्रेक बदलले होते. जुने पार झिजले होते आणि कंपनीनं त्या गाडीचे सुटे भाग बनवणंच बंद केलं होतं. मग संभाजीनगरच्या बाजारातून दुसऱ्या कंपनीचा माल आणला. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्क, पॅड, आणि डिस्कवर ते पॅड दाबणारे दोन्ही बाजूंचे कॅलिपर, सगळं नवं. जाफराबादच्या भिवा मेस्त्रीनं ते बसवलं. तेव्हापासून पेडल कधी कडक लागायचं, कधी लोण्यासारखं मऊ. धर्मराज दोनदा भिवाकडं जाऊन आला होता. भिवा गाडीत बसायचा, सवयीनं फटाफट दोन-तीनदा पेडल मारायचा, बाजारपेठेतून एक चक्कर टाकायचा आणि उतरून हात पुसायचा.

"भाऊ, मला तं एकदम बराबर वाटून राह्यलं. ब्रेक हाय की दगड!" आणि दुसऱ्या खेपेला हसत म्हणाला होता, "तुमचा पाय तं बराबर हाय ना?"

भिवा गंमतीनंच बोलला होता. पण ते वाक्य धर्मराजच्या काळजात जाऊन रुतलं. कारण पाय खरंच बराबर नव्हता. साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली होती आणि अलीकडं तळव्याला कापूस बांधल्यासारखं वाटायचं. परवा बाभळीचा काटा अंगठ्यापाशी मोडला होता, तो त्याला रक्त फरशीवर दिसल्यावर कळला. त्यानं गुपचूप फरशी पुसली होती. नंदाबाईला, आपल्या बायकोला, त्यानं काही सांगितलं नव्हतं.

आता उतारावर काय झालं होतं? पेडल खाली गेलं होतं, की आपला पायच नीट पडला नव्हता? त्यानं कितीही आठवून पाहिलं तरी त्याला सांगता येईना. आपला पाय काय करत होता हे आपल्यालाच ठाऊक नाही.

घरी आल्यावर त्यानं चहाला हात लावला नाही. कांताबाईंच्या मुलाला फोन लावला.

"हरिओम, परवाच्याला दुसरी गाडी बघ बाबा. मला जमणार न्हाई."

"का हो काका? काही काम निघालं का?"

"तसंच समज. आन् पुढच्यासाठीबी बघून ठेव."

फोन ठेवला तेव्हा नंदाबाई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काय जमणार न्हाई?"

"गाडी विकून टाकावी म्हणतो."

"कामून?"

धर्मराजनं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "ब्रेक लागून नाही राह्यला."

"ब्रेक लागत न्हाई म्हणून कोणी गाडी विकतं का? ब्रेक नीट करायचा का न्हाई?"

या सवालाला त्याच्याकडं खरं उत्तर होतं, पण ते देण्याची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उगाच गाडीभोवती घुटमळत होता. विकायची तर निदान ब्रेकचं तेल कुठं गळतंय का एवढं तरी बघावं, घेणाऱ्याच्या जिवाशी खेळ नको, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण गळती बघायची तर एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं खाली चाकापाशी बसून बघायचं. घरात दोघंच. लेक आकांक्षा लग्न होऊन परतूरला.

"नंदे, जरा इकडं ये. गाडीत बस."

"कुठं जायचंय?"

"कुठं न्हाई. माझ्या जागेवर बस."

नंदाबाईनं पदर कमरेला खोचला आणि स्टिअरिंगला धक्का लागू न देता, अंग चोरून ती आत बसली. चावी काढलेली असूनही तिला भीती वाटत होती. धर्मराजनं तिला मधलं पेडल दाखवलं आणि स्वतः पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला.

"हं. दाब आता."

तो चाकामागं वाकून बघू लागला.

"दाबलं का?"

"दाबलं. अहो, हे तर पार खाली गेलं."

धर्मराजनं चाकामागून मान वर काढली. "जोरात दाबलं काय?"

"न्हाई हो. नुस्ता पाय ठिवला. दलदलीत जावा तसा गेला आत."

"सोड. पुन्हा दाब."

"आता जरा कडक लागलं."

"पुन्हा."

"आता तर हलतच न्हाई."

धर्मराज तिथंच मातीत बसला. भिवा बसल्याबरोबर फटाफट पेडल मारतो, म्हणून त्याला ते कडक लागतं. आपण हळू, एकदाच दाबतो, म्हणून खाली जातं. पाय नव्हे, पेडलच खाली गेलं होतं. नंदाबाईच्या चांगल्या, धडधाकट पायाखालीही ते खाली गेलं होतं. तो मोठ्यानं हसला. हसता हसता डोळे पुसू लागला.

नंदाबाई घाबरून खाली उतरली. "काय झालं? कामून हसून राह्यले?"

"तुझाबी पाय खाली गेला."

"मंग त्यात हसण्यासारखं काय हाय?"

मग त्यानं तिला सांगितलं. कापूस, काटा, फरशी, सगळं. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जराही नवल नव्हतं.

"फरशीच्या फटीत रक्त तसंच होतं," ती म्हणाली. "मीच घासून काढलं. म्हणलं, तुमीच सांगताल. उद्या पाय दाखवायला जायचं. आता हे आधी बघा."

तेल कुठंच गळत नव्हतं. मग नळ्यांत हवा राहिली असणार; तेल दबत नाही, हवा दबते, म्हणून पेडल खाली जातं. ती काढण्यासाठी प्रत्येक कॅलिपरला एक छोटी निप्पल असते. ती ढिली करायची, आत कुणीतरी पेडल दाबून धरायचं, की तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडतात. नंदाबाई पुन्हा जागेवर बसली. त्यानं दोन्ही चाकं काढली, निप्पल ढिली केली. स्वच्छ तेल आलं. बुडबुडा एकही नाही. आणि पेडल मऊ ते मऊच.

नंदाबाई कंटाळून खाली आली आणि त्याच्या खांद्यावरून वाकली.

"ह्यातून हवा काढायची?"

"हो."

"मंग हे खालच्या अंगाला कामून हाय? आपल्या विहिरीच्या पाईपात हवा धरल्यावर तुमी वरची टोपी उघडता. हवा तर वर जाती."

धर्मराज उठला, गोठ्यात पोत्यात गुंडाळून ठेवलेला जुना कॅलिपर घेऊन आला आणि नव्याशेजारी धरला. जुन्याची निप्पल वर होती. त्यानं दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं. तिथंही नवी निप्पल खाली.

भिवाला फोन केला, तो मोटारसायकलीवर अवजारं बांधून आला. वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आयला! डावं उजव्याला बसवलं भाऊ, उजवं डाव्याला. सारखेच दिसतेत, खूणबी केल्ती न्हाई त्यांनी. हवा वर अडकून बसली, आन् मी खालून तेल काढून राह्यलो." तो उठेना. मान खाली घालून म्हणाला, "आन् वरून तुमच्या पायाला बोललो."

"बोलला ते जाऊ दे. आता बदल."

दोघांनी मिळून कॅलिपरांची अदलाबदल केली. नंदाबाईला आता कुणी सांगावं लागत नव्हतं. भिवा "दाबा" म्हणाला की ती दाबायची, "धरा" म्हणाला की धरून ठेवायची. निप्पलला लावलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे निघाले. आधी मोठे, मग बारीक, मग मोहरीएवढे, आणि मग नुसतं तेल.

"लागलं," नंदाबाई आतून ओरडली. "पहिल्याच दाबण्याला लागलं!"

धर्मराजनं गाडी रिकामी नेऊन उतारावर पुन:पुन्हा थांबवून पाहिली. पेडल पायाखाली भिंतीसारखं उभं राहत होतं. परत येऊन त्यानं हरिओमला फोन केला. फोन कांताबाईंनी उचलला.

"मावशी, उद्या मी येतो. गाडी नीट झाली. पण तुमाला दुसरी सांगितली असंल तर..."

"कुठली दुसरी?" कांताबाई म्हणाल्या. "हरिओम म्हणत होता, बघतो. मी म्हणलं, एक दिवस थांब."

"काल तुमी घाबरल्या असताल."

"घाबरले. तूबी घाबरलास. म्हणूनच म्हणलं, थांब." मग म्हणाल्या, "माझं झाल्यावर तुझंबी दाखवून घे. नंदाचा फोन आल्ता."

धर्मराजनं अंगणात वळून पाहिलं. भिवा गेला होता. नंदाबाई मात्र पुन्हा गाडीत जाऊन बसली होती, त्याच्या जागेवर. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती काचेतून समोरचा रस्ता बघत होती.

"उतर की आता."

"बसू द्या जरा."

तो पलीकडून आला, दार उघडून शेजारच्या सीटवर बसला. त्या बाजूला तो पहिल्यांदाच बसत होता. सीट मध्ये खचलेली होती. उतरतीचं ऊन थेट डोळ्यांवर येत होतं आणि काचेवरची ऊन अडवायची झडप ओढायला गेला तर ती मोडकी, एका खिळ्यावर लोंबकळणारी निघाली. नंदाबाई एवढी वर्षं इथंच बसत आली होती आणि कधी एका शब्दानं बोलली नव्हती.

धर्मराजनं डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि तिचा रस्ता बघून होईपर्यंत तसाच बसून राहिला.