पिंपाच्या पलीकडचा माणूस

आमच्या शेखरला कुठंही थांबायचं म्हणजे कमीपणा वाटतो. अंबडच्या कारखान्यात वीस जण त्याच्या हाताखाली, म्हणून साहेब रस्तासुद्धा हाताखालचाच समजतात!

परवा भाचीच्या साखरपुड्याला आम्ही मायलेक गाडीनं पंचवटीत निघालो. वाटेत गटाराच्या पाइपासाठी अर्धा रस्ता खणलेला, उरलेल्या अर्ध्यावर ही लांब रांग. खणलेल्या चराच्या कडेनं पिंपं मांडलेली आणि लाल झेंडा धरून एक मजूर बाई उभी.

शेखर उतरला, एक पिंप लोळवून दिलं आणि परत बसून गाडी चराच्या कडेनं काढू लागला. आपल्याकडे रीतच पडलीय ना ती! अडवलेलं दिसलं की सरकवायचं. एकानं सरकवलं की मागून दहा घुसतात. आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा म्हणाले, "घे लवकर, मुहूर्त टळेल."

बाई धावत आली. "दादा, मागं घ्या! खाली मानूस हाय!"

"ओ बाई, झेंडा बाजूला घ्या. एका मिनिटात जातो."

मिनिट कसलं! कडेची माती खचली, मागचं चाक बसलं आणि चरातून किंकाळी आली. अगं आई गं! दार ढकलून उतरले, तर खाली एक माणूस छातीपर्यंत मातीत! ती बाई हातांनीच माती उपसत होती. "अहो, बोला की!" तो तिचा नवरा होता, निवृत्ती.

रांगेतली माणसं धावली. निवृत्ती जिवंत निघाला, पण त्याचा पाय मोडला होता.

शेखर पुटपुटला, "रोज सगळेच जातात इथून..."

त्या बाईनं, भागीबाई तिचं नाव, त्याच्याकडे वळून पाहिलं. "खनलेली कडा पोकळ असती, दादा. गाडीचं वजन आलं की बसते. म्हनून पिंप लांब ठेवतो. तुमाला पिंप दिसलं, मानूस नाय दिसला."

लोकहो, काम चाललेल्या रस्त्यावर पिंपामागं, पत्र्यामागं कुणाचा तरी घरधनी वाकून काम करत असतो. तिथं गाडी हळू घ्या, झेंडा दिसला की थांबा. आपला उशीर कुणाच्या जिवापेक्षा मोठा नाही.

मी तिथंच, सगळ्यांसमोर, शेखरपुढं हात केला. "किल्ली दे. 'घे लवकर' म्हणणारी मीच, तेव्हा निवृत्ती उठेपर्यंत त्याच्या घरी रोजचा डबा मी पोचवीन. आणि तो आपल्या पायांनी कामावर जाईल त्या दिवशी तुला किल्ली मिळेल. तोवर तूही अंबडला पायीच जायचंस!"