आक्काताईची बटणं

आक्काताईनं डाव्या हातानं तो छोटा पडदा उचलला आणि उशीखाली कोंबला. उशीखालून, पडद्यात भरलेला दीक्षाचा आवाज दबका दबका येत राहिला, "मला पाणी हवं आहे. मला पाणी हवं आहे."

दीक्षानं उशी सरकवून पडदा बाहेर काढला, ओढणीनं पुसला आणि परत सासूच्या पुढ्यात पाटावर ठेवला.

"आत्ती, असं करू नका हो. नुस्तं बोट टेकवायचं. तहान लागली तर हे, दुखलं तर हे."

सासूला ती आत्ती म्हणायची. आत्तीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

पडदा पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. त्याची वायर दीक्षाच्या खेळायच्या कॉम्प्युटरला जोडलेली. राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात ती कामाला होती, आणि हा कॉम्प्युटर तिनं एकेक भाग आणून घरीच जुळवलेला. चालू झाला की आत लाल-निळे दिवे असे पेटायचे, की मांडववाल्यानं पाठ फिरवली असती तरी सिद्धार्थनगरातलं एखादं लग्न तेवढ्यावर निघालं असतं. संध्याकाळच्या भाकरी झाल्या की दीक्षा कानाला हेडफोन लावून लढाईचा खेळ खेळायची. छोटा पडदा त्यासाठीच घेतलेला. त्याच्यावर आपल्या मनासारखी बटणं मांडायची, वर चित्र लावायचं, आवाज भरायचा. बंदूक बदलायची इथं, बॉम्ब टाकायचा इथं.

धडधाकट होती तेव्हा आक्काताईनं गल्लीत सांगून ठेवलेलं, की सून सरकारी कामावर आहे.

"घरात बसून सरहद्दीवरची मानसं मारती. सकाळी दिल्लीचा फोन येतो, किती पडले म्हणून. कुनापाशी बोलायचं न्हाय, सांगून ठेवते."

तेव्हापासून दूधवाला दारात चपला काढून दूध घालायला लागला.

तिचं सगळं बोलणंच असलं. माहेर चंदगडचं, त्यामुळं पावसाचा तोटा नव्हता, आणि गोष्टींचाही. पुरात वाहून चाललेली एस.टी. तिनं लुगड्याचा दोर करून काठाला ओढलेली, आणि वरनं कंडक्टरनं तिलाच तिकीट मागितलेलं. ऐकणारा हसला की एस.टी.त माणसं वाढायची. शेवटी शेवटी टपावर एक वऱ्हाड आणि वाजंत्रीवालेसुद्धा होते.

दिवाळीनंतर तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, पाय गेला आणि बोलणं गेलं. घशातून नुसता 'आ' निघायचा, तोही मनाला वाटला तर. डॉक्टर म्हणाले, "समजत असेल, नसेलही. चित्रं दाखवून बघा. हो-नाही विचारून बघा."

प्रसेनजीत रोज विचारायचा, "आई, वळखतीस का मला?" ती डोळे मिटून घ्यायची. पोटच्या पोरानं असलं विचारल्यावर दुसरं काय करणार? पण त्याला ते तसं दिसलं नाही. हळूहळू घरातली माणसं तिच्यासमोरच तिच्याविषयी बोलायला लागली, कपाटाविषयी बोलावं तशी.

इचलकरंजीच्या यंत्रमागावर प्रसेनजीतच्या पाळ्या, दीक्षाचं दुकान. दिवसा आईपाशी कोण बसणार? त्यानं चंदगडला केरबामामाला फोन लावला. रविवारी जीप घेऊन या, पाऊस लागायच्या आत घेऊन जावा.

"त्यांना विचारलं का?" दीक्षा म्हणाली.

"कुनाला इचारू? हितं काय नि तिथं काय, तिला समदं सारखंच. कळतंय व्हय काय तिला?"

"कळतंय की."

"मग दाबून दाखवू दे की एक बटन. मी आत्ता फोन करून मामाला नगं म्हणतो."

आणि आक्काताईनं पडदा उशीखाली कोंबलेला.

शुक्रवारी संध्याकाळी दीक्षा रोजच्यासारखी खेळायला बसली. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. हातातला पडदा तिनं पलंगावर टाकला, हेडफोनची वायर उपटली आणि स्वयंपाकघरात पळाली. पलंगापाशी समोरच्या घरातली चिमणाबाई बसलेली. चिमणाबाईचा आवाज असा, की ती दारात शिंकली तर कोपऱ्यावरचा रिक्षावाला "आलो, आलो" म्हणायचा. ती आपल्या गुडघ्याविषयी सांगत होती. उजव्या गुडघ्याचं सांगून झालेलं, आता डाव्याचं चालू.

धडाम!

हेडफोन निघाला तसा आवाज कॉम्प्युटरच्या मोठ्या स्पीकरमधनं. चिमणाबाईच्या हातातला चहा लुगड्यावर.

"अगं बाई! काय फुटलं गं?" तिनं छातीवर हात ठेवला. मग म्हणाली, "तर काय सांगत हुते, ह्यो डावा गुडघा..."

धडाम!

दीक्षा सांडशीसकट बाहेर आली. आक्काताईचं बोट बॉम्बवर होतं. नजर चिमणाबाईच्या गुडघ्यावर. आणि तोंडाची डावी बाजू वर चढलेली.

"मुद्दाम केलं हिनं!" चिमणाबाई ओरडली. "बघ, बघ की, हसतीया! जल्मभर मला बोलू दिलं न्हाय, आता बाँब टाकतीया!"

रात्री प्रसेनजीत ऐकून म्हणाला, "बोट लागलं आसंल."

शनिवारी दीक्षानं दुकानात सुट्टी टाकली आणि पडद्यावरचं पाण्याचं बटण पुसलं, संडास पुसला, दुखतंय पुसलं. आयुष्यात कधी आत्तीनं ह्यातलं काही कुणाला सांगितलं होतं? मोबाईलवर फोटो काढत ती घरभर हिंडली, गल्लीत हिंडली. म्हैस. चिमणाबाई. लग्नाच्या अल्बममधला केरबामामा. कॅलेंडरावरचा वाघ. 'मी' म्हणून स्वतः आक्काताई. शिवाय लग्न, भूत, खाल्ली, पळून गेली, पडला, रडला, असलं काय काय. वर दोन बटणं मात्र डॉक्टरांनी सांगितलेली ठेवली, 'व्हय' आणि 'न्हाय'.

ती आवाज भरायला बसली, तर चिमणाबाईनं तिला कोपरानं बाजूला सारलं.

"तुजा आवाज ब्यांकेतल्या बाईवानी येतोय. तिला लाज वाटत आसंल त्यो लावायला. हो तिकडं."

चिमणाबाईनं आवाज भरला. 'म्हैस' म्हटल्यावर पलीकडच्या गल्लीतली म्हैस खरोखर हंबरली म्हणतात.

आक्काताईनं सगळी बटणं डोळ्यांनी बघितली, एकेक करून, सावकाश. बोट लावलं नाही. झोपून गेली.

रविवारी केरबा आला. डोक्याला टोपी, हातात काजूची पिशवी. "जय भीम" म्हणत खुर्चीत बसला आणि पलंगाकडं न बघताच प्रसेनजीतला म्हणाला, "तिची औषधं बांधलीस? तिला मागं आडवी घालू. मधी गादी टाकलीया. ड्रायव्हर घाई करतोय."

"मामा, थोडं थांबा," दीक्षा म्हणाली. तिनं पाट पलंगावर ठेवला आणि पाटावर पडदा.

"हे काय, खेळणं?"

"बोलायचं हाय. आत्तीला."

केरबानं मोठा श्वास सोडला. "पोरी, तुज्या मनाला लागतंय, मला कळतंय. पर माझी आक्का तवाच गेली. ऱ्हायलंय त्ये आपलं सांभाळायचं. ती काय आता..."

"केरबा!"

एवढ्या मोठ्यानं हाक आली, की तो खुर्चीतून उठलाच. दाराकडं बघितलं. दारात चिमणाबाई उभी होती, पण तिचं तोंड बंद होतं. आक्काताईचं बोट पडद्यावर सरकत होतं.

"म्हैस. लग्न."

"चुकून लागतंय मामा," प्रसेनजीत म्हणाला.

केरबानं हात वर करून त्याला गप केलं.

"केरबा. म्हैस. लग्न." बोट थांबलं, शोधत राहिलं, सापडलं. "पळून गेली."

चिमणाबाईनं पदर तोंडात घातला. केरबाची मान खालून वर लाल होत गेली.

"खोटं हाय! साफ खोटं! लगीन भावलीचं हुतं! मला नवरदेव करून म्हशीवर कुनी बसवलं? आनि म्हस पळून न्हाय गेली. तू दोर सोडलास आक्का! तू! समद्या गावानं बघितलंय!"

दीक्षा वायर धरून उभी होती. इतका वेळ 'ती' म्हणणारा माणूस 'तू' म्हणाला होता. तिनं वायर तेवढी घट्ट धरली, निसटू नये म्हणून.

"वाघ," आक्काताईचं बोट पुढं निघालं. "म्हैस. खाल्ली."

"वाघ कुठनं आला आता मधीच? ती म्हस फुडं किती वर्सं दूध देत हुती! तूच पीत हुतीस की तांब्या तांब्या!"

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. प्रसेनजीतच्या हातात आईच्या लुगड्यांचं बोचकं होतं. ते त्यानं खाली ठेवलं आणि पलंगाच्या कडेला टेकला.

"आई," तो म्हणाला. "एवढे दिवस समदं ऐकत हुतीस?"

आक्काताईनं पडद्यावरचा हात काढला, त्याचा कान धरला आणि पिळला. डावा हात, पण कान पिळायला पुरला. त्यानं कान सोडवून घेतला नाही.

केरबा पलंगापाशी आला. खाली वाकला. ह्या खेपेला त्यानं हळू विचारलं.

"आक्का, चंदगडला येतीस का माझ्यासंगं? तुला इचारतोय."

बोट वर गेलं. शनिवारपासून त्या दोन बटणांना तिनं हातही लावला नव्हता.

"न्हाय!"

"मी न्हाय हां बोलले," चिमणाबाई दारातनं म्हणाली. "तिनं म्हटलंय. आनि दिवसाचं काय घिऊन बसलाय? मी बसत जाईन की. माझं गुडघं हितं दुखलं काय नि तिथं दुखलं काय."

केरबानं पडदा हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. मग दीक्षाला म्हणाला, "ह्याच्यात माझा आवाज बी भरता येतो व्हय?"

"येतो की. काय भरू?"

"'खोटं हाय' म्हनून एक बटन कर. मी तिकडं लांब. हितं हिला कोन आडवनार? तुमी समदी हसत बसनार नुस्ती. हिला कुनीतरी खोटं म्हनाय पायजे, त्याबिगार हिची गोष्ट फुडं जात न्हाय. ल्हानपनापासनं म्हाईत हाय मला."

दीक्षानं माईक त्याच्यासमोर धरला. केरबानं घसा खाकरला, टोपी नीट केली, भाषणाला उभं राहावं तसा उभा राहिला.

"खोटं हाय आक्का," तो म्हणाला. 'हाय'पर्यंत आवाज खणखणीत होता. 'आक्का'ला मधनं फुटला.

"त्ये पूस," तो दुसरीकडं बघत म्हणाला. "बरं आलं न्हाय. पुन्यांदा म्हनतो."

दीक्षानं पुसायला बोट पुढं केलं, तर पडद्यावर आक्काताईचा पंजा आडवा पडलेला. तो हलवेना. शेवटी दीक्षानंच हात मागं घेतला. मग पंजा आपण होऊन उठला आणि बोट बटणांवर फिरायला लागलं.

"केरबा," चिमणाबाईचा आवाज घरभर घुमला. "रडला."

सगळे केरबाकडं बघायला लागले. आता तो ओरडणार म्हणून.

केरबानं टोपी काढली, टोपीनंच तोंड पुसलं आणि खुर्ची ओढून पलंगाला चिकटवली.

"फुडं?" तो म्हणाला.