झाकण लागेपर्यंत

२०१८ची दिवाळी सरली आणि डहाणू-तलासरीच्या मधल्या पाड्यांत जमीन आवाज करायला लागली. सुरुंग उडाल्यासारखा दणका जमिनीच्या पोटातून यायचा, फळीवरची भांडी खडखडायची, कौलं जागची सरकायची. पहिल्या दिवशी सगळ्यांनी खाणवाल्यांना शिव्या घातल्या. मग दणके रोज यायला लागले, एखाद्या दिवशी चार-चारदा, आणि खाण तर बंद होती. तेव्हा मात्र लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. जानेवारीपर्यंत निम्मा पाडा घराबाहेर तंबूत झोपत होता, आणि तंबूतला माणूसही कूस बदलताना दचकत होता.

धुंदलवाडीच्या अलीकडच्या एका पाड्यात उमेश राहायचा. तलासरी नाक्यावर त्याचा फोटो स्टुडिओ होता. आपण भूकंपाला भीत नाही, असं त्याने पाड्यात जाहीर करून टाकलं होतं. तंबूत तोही झोपायचा, पण ते म्हणे बायकोच्या समाधानासाठी. खरी गोष्ट अशी होती, की जमीन हलली की उमेश मनातून भेदरायचा आणि धरायला भिंत शोधावी तर भिंतीचीच भीती. हे त्याने कविताला, म्हणजे बायकोलाही कळू दिलं नव्हतं. फुशारकी मारून बसलेल्या माणसाची मोठी पंचाईत असते, त्याला घाबरायचं तेही चोरून घाबरावं लागतं.

लग्नाच्या ऑर्डरीला तो डिजिटल कॅमेरा न्यायचा. एका हळदीत हजार फोटो निघायचे आणि त्यातला एकही दुसऱ्या दिवशी त्याला आठवायचा नाही. त्याचा जीव होता रिळाच्या कॅमेऱ्यात. त्याचे वडील, चिमण, घोलवडच्या एका चिकूवाडीत राखणदार होते. वाडीच्या म्हाताऱ्या मालकाने शेवटच्या दिवसांत आपला कॅमेरा त्यांना देऊन टाकला होता. खलबत्त्यासारखा जड, वरचं कातडं सोललेलं, पण बटण दाबलं की असा खणखणीत आवाज द्यायचा, की समोरचा माणूस आपोआप ताठ उभा राहायचा. एका रिळात छत्तीस फोटो. त्यामुळे प्रत्येक फोटोआधी थांबायचं, बघायचं, ऊन कुठून येतंय ते पाहायचं, आणि मग कधीकधी फोटो न काढताच पुढे जायचं. उमेशला त्या थांबण्यातच सुख वाटायचं.

हे वेड त्याच्या एकुलत्या एक लेकीलाही लागलं. प्राजक्ता आठवीत होती. तिला त्याने मुंबईहून नवाकोरा, हलका, प्लास्टिकचा रिळाचा कॅमेरा आणून दिला होता. रविवारी बापलेक मोटरसायकलवर निघायचे. झाईच्या बंदरावर ओढून ठेवलेल्या होड्या, घोलवड स्टेशनाबाहेर रचलेल्या चिकूच्या करंड्या, बोर्डीच्या सुरूच्या झाडांखालची पोरं, असं काहीबाही टिपायचे. एकाच होडीचा फोटो दोघांनी काढायचा, तिने नव्यावर आणि त्याने जुन्यावर, आणि मग घरी कोणाचा बरा आला यावरून भांडायचं. बहुतेक वेळा तिचाच बरा यायचा. उमेश ते कबूल करायचा नाही.

रीळ धुवायचं काम घरातल्या भाताच्या खोलीत चालायचं. तिथे भाताच्या गोणी असायच्या, खिडकी नव्हती. दार आतून कडी लावून बंद करायचं, फटींत गोधडी कोंबायची आणि मिट्ट काळोखात, नुसत्या बोटांनी, रीळ चक्रीवर गुंडाळून डब्यात ठेवायचं. डब्याचं झाकण लागलं की सुटलो, पुढची धुणी-बिणी उजेडात करता येतात. पण झाकण लागेपर्यंत केसाएवढा उजेड आत आला तरी सगळे फोटो गेले. प्राजक्ता दहा वर्षांची असताना पाल अंगावर पडली म्हणून तिने मध्येच दार उघडलं होतं. उमेशचं एक रीळ फुकट गेलं. तो ओरडला नाही. तो दोन दिवस तिच्याशी बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी तिला समोर बसवून म्हणाला, "झाकण लागेपर्यंत दार उघडायचं नाय. कोणी पण हाक मारू दे. मी सांगितलं तरी नाय." पोरीने मान हलवली आणि पुन्हा कधी ती चूक केली नाही. याचंही त्याला कौतुकच वाटलं होतं.

फेब्रुवारी लागला. प्राजक्ताची मैत्रीण नवशी घरच्यांबरोबर उंबरगावला निघून गेली. तिचा बाप तुक्या म्हणाला, पोराबाळांना घेऊन इथे राहायची छाती होत नाही. जायच्या दिवशी प्राजक्ताने नवशीचे फोटो काढले होते, तंबूच्या दोरीला धरून उभी, आंब्याखाली भरलेल्या वर्गात हसणारी, टेम्पोत गाठोड्यांवर चढलेली. तुक्या उरलेलं सामान न्यायला शुक्रवारी संध्याकाळी येणार होता. त्याच्याबरोबर फोटो पाठवायचे, असं प्राजक्ताच्या मनाने घेतलं. उमेश म्हणाला, "रविवारी धुवू, मी घरी असतो तेव्हा." कविता म्हणाली, पडवीच्या आत पाऊल टाकशील तर याद राख.

शुक्रवारी दुपारी उमेश जेवायला घरी आला. कविता तंबूपुढे तीन दगडांवर भाकऱ्या टाकत होती. त्याने पाय धुतले, बसायला गोणपाट ओढलं, आणि तेवढ्यात दणका आला.

हा रोजचा दणका नव्हता. तवा दगडांवरून घसरला. कुत्री एकदम गप्प झाली. घरांवरची कौलं आपटायला लागली आणि सगळा पाडा मोकळ्या जागेत धावला. उमेश तंबूचा बांबू धरून उभा राहिला. थांबलं तेव्हा जो तो आपली माणसं मोजायला लागला. ही आता सवयच झाली होती.

"प्राजू कुठंय?" कविताने विचारलं.

"तुझ्याकडे नाय?"

"आत्ता इथंच होती."

दोघांची नजर एकदमच घराकडे गेली. पडवीच्या पायरीखाली तिच्या निळ्या चपला नीट जोडून ठेवल्या होत्या.

शेजारचा म्हातारा देवजी ओरडला, "आत नको जाऊ, अजून येल तो." पण उमेश पायरी चढलेला होता. घरात धूळ पडत होती. भाताच्या खोलीचं दार बंद होतं आणि फटीतून गोधडीचं टोक बाहेर आलं होतं. त्याने दारावर थाप मारली.

"प्राजू, बाहेर ये."

आतून आवाज आला, गोधडीमुळे दबलेला. "पप्पा, दार ढकलू नका. रीळ बाहेर हाय."

"मरू दे ते रीळ. कडी काढ."

"अर्धं झालंय. चिकटतंय मध्येच. झाकण लागलं की येते."

"प्राजू, मी सांगतोय ना, उघड."

ती रडवेल्या आवाजात बोलली, "तुम्हीच बोलला होता, मी सांगितलं तरी उघडायचं नाय."

उमेशला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्याने दाराला खांदा दिला. दार सागवानी, त्याच्याच वडिलांनी उंदरांना आणि चोरांना भारी पडावं म्हणून बसवलेलं, आणि चौकट आता तिरकी झालेली. ते हललंही नाही. आत पोरगी घाईघाईने काहीतरी करत होती. घाईत बोटांना घाम येतो, घामाने रीळ चिकटतं, आणि चिकटलं की पुन्हा पहिल्यापासून गुंडाळावं लागतं. हे त्याला ठाऊक होतं, त्यानेच तिला शिकवलं होतं.

तेवढ्यात दुसरा दणका आला.

पहिल्यापेक्षा मोठा होता. पायाखालून कोणीतरी चटई ओढावी तशी जमीन सरकली, डोक्यावर आढं करकरलं, एक कौल येऊन त्याच्या पायाजवळ फुटलं. पुढचं उमेशला नंतर कधी नीट आठवलं नाही. एवढंच खरं, की भान आलं तेव्हा तो बाहेर होता. आंब्यापलीकडे, उघड्यावर, घरापासून पन्नास पावलं लांब. तोंडात माती होती. तो पळून आला होता. लेकीला आत ठेवून त्याचे पाय त्याला बाहेर घेऊन आले होते.

कविता त्याच्याकडे बघत होती. "प्राजू?" ती एवढंच म्हणाली.

कविता घराकडे धावली तेव्हा कुठे त्याचे पाय सुटले. देवजीच्या कुंपणाला टेकवलेली पहार त्याने उचलली, कविताला मागे ओढलं आणि पुन्हा आत गेला. या वेळी तो इतका घाबरला होता, की पायरी चढताना त्याच्या तोंडातून लहान पोरासारखा आवाज येत होता. भिंतीला वरून खालपर्यंत भेग गेली होती आणि तिच्यातून उजेड दिसत होता. त्याने पहार फटीत घातली आणि सगळं वजन टाकलं. लाकूड कडकडलं. पुन्हा टाकलं.

"पप्पा, थांबा, लागलं झाकण," आतून आवाज आला आणि कडी निघाली.

दार वीतभर उघडलं आणि अडकलं. उमेशने त्या फटीतून हात घातला, लेकीचं मनगट सापडलं, आणि तिचं अंग खरचटतंय की काय याचा विचार न करता त्याने तिला ओढून काढलं. दोघं पडवीतून खाली उतरतात न उतरतात तोच आढं एका अंगाला कललं. भाताच्या खोलीवरची कौलं आणि अर्धी भिंत आत कोसळली. धुळीत घर काही वेळ दिसेनासं झालं.

पाड्यातली माणसं भोवती जमली. कविताने लेकीला चाचपलं, डोकं, खांदे, हात. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नव्हतं. प्राजक्ताने काळा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. तो तिने बापापुढे केला.

"उजेड नाय लागला," ती म्हणाली. "मी बरोबर लावलंय. आता चिडला नाय ना?"

"मी कशाला चिडू?"

"तुम्ही गेलात ना मधेच. पावलं ऐकली मी. मला वाटलं, चिडून गेलात. आता बोलणार नाय माझ्याशी. म्हणून मी घाई केली."

उमेशने डबा हातात घेतला. सगळा पाडा बघत होता. खरं काय ते त्याला लपवता आलं असतं. पोरीला वाटतंय ते तसंच वाटू द्यायचं, एवढंच करायचं होतं. बाप चिडका आहे, हे भित्रा आहे यापेक्षा बरं दिसलं असतं.

त्याने डब्याचं झाकण फिरवलं.

"पप्पा, नको," प्राजक्ता किंचाळली आणि त्याच्या हातावर झेपावली. त्याने तिला एका हाताने लांब धरलं. चक्री बाहेर काढली, रिळाचं टोक पकडलं आणि भर दुपारच्या उन्हात ते सगळं उलगडून काढलं. करड्या रंगाची ती पट्टी धुळीत वेटोळी होऊन पडली. प्राजक्ता ती गोळा करायला खाली बसली, पण उन्हात पडलेल्या रिळाचं काय होतं हे तिला चांगलं माहीत होतं. तिने हात मागे घेतले.

"त्यात नवशी होती," ती म्हणाली.

"माहीताय मला. पण या रिळापायी तू आत बसली होतीस."

उमेश तिच्यासमोर मातीत बसला. आवाज थरथरत होता. तो त्याने थरथरू दिला. "मी चिडून नव्हतो गेलो. घाबरून पळालो. तुला आत टाकून पळालो. तिथं त्या आंब्यापलीकडे. हे सगळे साक्षीला हायत." देवजीने दुसरीकडे पाहिलं. "मला रोज भीती वाटते, प्राजू. पहिल्या दिवसापासून. तू पण घाबरायचं. जमीन हलली की हातातलं टाकायचं नि पळायचं. रीळ टाकायचं, कॅमेरा टाकायचा. मी आत असलो तर मला पण टाकून पळायचं. ऐकतेस ना?"

ऐकलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मग ती उठली आणि देवजीच्या ओट्यावर जाऊन बसली. जेवायला आली नाही. तुक्या टेम्पो घेऊन आला आणि गेला, तेव्हाही तिने मान वर केली नाही. नवा कॅमेरा तंबूतून आणून तिने मांडीवर घेतला होता आणि रीळ नसलेल्या त्या कॅमेऱ्याचं पाठचं झाकण ती उघडत होती, मिटत होती. उमेश लांबून बघत होता. जवळ जायची त्याची हिंमत होत नव्हती.

दिवस मावळायच्या सुमाराला पुन्हा दणका आला. देवजीच्या घराची कौलं खडखडली. उमेश ताडकन उठला आणि ओट्याकडे धावला, पण प्राजक्ता आधीच निघाली होती. कॅमेरा मांडीवरून खाली पडला, दगडावर आपटला, तिने वळूनही पाहिलं नाही. ती जिवाच्या आकांताने पळत आली. उमेशने हात पुढे केले. ती त्याच्या बाजूने निघून गेली आणि कविताच्या कुशीत शिरली.

उमेशने हात खाली घेतले. जमीन अजून थरथरत होती.