फिरतीवर गेलेली वही

"अवो, ह्यात कायच नाय!" सुतळी सोडून जानकीबाईंनी परत आलेलं पुडकं उलटसुलट केलं. "नुसता पुठ्ठा हाय. नि चिठ्ठ्या."

"नीट बघ," गोमाजी गुरुजी म्हणाले.

त्यांना स्वतःला बघता येत नव्हतं. महाडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती. एकोणतीस वर्षं बदलीच्या गावोगावी डोंगर तुडवून गुरुजींनी एका वहीत झरे उतरवले होते. कुठल्या कातळाखाली, वैशाखात किती हंडे, आणि शेवटच्या रकान्यात, तिथे कुणाला पाणी भरू देतात, कुणाला हाकलतात. त्या रकान्यासाठीच तर सगळी वही होती. डोळे पुरते जायच्या आत ती तपासून पक्की करून मामलेदारांपुढे ठेवायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

पोलादपूर खोऱ्यातल्या सहा मास्तरांशी त्यांचं जुनं मंडळ होतं. कुणी काही लिहिलं की पुडकं एसटीच्या कंडक्टरबरोबर शाळेशाळेतून फिरायचं. वाचायचं, चुका दाखवायच्या, पुठ्ठ्यावर सही करून पुढे धाडायचं. नियम एकच, नक्कल पाठवायची. पण गुरुजींचे पेन्सिलीचे नकाशे कार्बनवर उमटेनात आणि हाताने उतरवायला नजर पुरेना. "एकुलती एक हाय, धाडू नका," जानकीबाई म्हणाल्या होत्या. पण बायकोचं ऐकतील तर ते गुरुजी कसले!

पुठ्ठ्यावर सहाही सह्या होत्या. चिठ्ठ्याही सहा, आणि सगळ्या प्रेमाच्या. 'आमच्या भागाची पानं ठेवून घेतली. फार उपयोगी.' पहिल्याने घेतली म्हणून दुसऱ्याने घेतली, मग तशी रीतच पडली. चोरी कुणीच केली नव्हती आणि वही संपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते पोलादपूरला उतरले. तिथला मास्तर महिपत, त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने हात धरून त्यांना वर्गात नेलं.

"हे बघा गुरुजी, तुमची पानं भिंतीवर लावलीत. खळ लावून पक्की डकवलीत. सगळा गाव येऊन वाचून जातो."

"छान केलंस," गुरुजी म्हणाले. पानं परत मागायला आलेला माणूस आणखी काय म्हणणार? नाक भिंतीला टेकेपर्यंत ते पुढे झाले. सगळं करडं दिसत होतं.

"शेवटचा रकाना वाच जरा."

महिपतने एक खुर्ची ओढून पुढे केली.

"महिपत?"

"तेवढा कापला, गुरुजी. गावकरी म्हणाले, उगाच तंटा कशाला? मला इथंच राहायचंय हो."

"कापलेलं कुठाय?"

"जाळलं."

गुरुजींना राग यायला हवा होता. पण आला तो नुसता थकवा. महिपतने पुढे केलेल्या खुर्चीवर ते बसले नाहीत. भिंतीला हात लावून तसेच उभे राहिले आणि जळालेला रकाना पुटपुटू लागले. पहिल्या झऱ्याचं आठवलं. दुसऱ्याचं आठवलं. तिसऱ्यापाशी ते अडले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.